सुरुवातीच्या अंतर्ज्वलन इंजिनांचे जलशीतन

जलशीतन म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधन जळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी जी कामास येत नाही आणि यंत्राला मात्र बाधते, ती पाण्याच्या साहाय्याने बाहेर काढण्याची व्यवस्था होय. १८६० च्या सुमारास वायूवर चालणारी इंजिने कारखान्यांत येऊ लागली, तेव्हापासून ही व्यवस्था त्यांच्या सोबत आहे. एका जागी उभ्या असलेल्या इंजिनाला नळाचे, विहिरीचे किंवा हौदाचे पाणी हवे तितके मिळत असे. तेच इंजिन गाडीवर बसवायचे ठरल्यावर पाणीही गाडीबरोबर वाहून न्यावे लागले. त्यामुळे या व्यवस्थेच्या पहिल्या चाळीस वर्षांचा इतिहास हा मुख्यतः कमीत कमी पाण्यात काम भागवण्याचा इतिहास आहे.

शीतनाची गरज

इंधन पेटल्यावर सिलिंडरमधील वायूचे तापमान क्षणभर २,०००° से. च्या पुढे जाते. सिलिंडर ज्या बिडाचा ओतलेला असतो ते बीड १,२००° से. च्या आसपास वितळते. ज्वाला क्षणभरच टिकते, म्हणून सिलिंडर वितळत नाही. पण उष्णता बाहेर काढली नाही तर त्याच्या खूप आधी इंजिन निकामी होते. प्रथम भिंतीवरचा वंगणतेलाचा पातळ थर जळून जातो. मग दट्ट्या प्रसरण पावून सिलिंडरमध्ये घट्ट अडकतो. उत्सर्गाची झडप लाल होऊन जळते, आणि आत येणारे मिश्रण ठिणगीची वाट न पाहता तापलेल्या भागांना लागूनच अवेळी पेटू लागते.

वाफेच्या इंजिनावर शिकलेल्या यंत्रज्ञांना ही गोष्ट पचवणे सोपे गेले नसावे. वाफेच्या इंजिनात सिलिंडर थंड झाला की वाफेचे पाणी होऊन शक्ती वाया जाते. म्हणून जेम्स वॉटने सिलिंडर गरम ठेवण्यासाठी त्याभोवती वाफेचे आवरण घातले होते. अंतर्ज्वलन इंजिनात जवळपास तेच आवरण आले, पण त्यात भरले थंड पाणी. ज्या यंत्राचे सारे बळ उष्णतेत आहे, त्याच यंत्रातून उष्णता मुद्दाम बाहेर टाकायची, हा विरोधाभास अनेकांना खुपत होता. सुरुवातीच्या वायू इंजिनांत इंधनाच्या उष्णतेचा साधारण सहावा भाग कामात उतरे आणि निम्म्याच्या आसपास उष्णता आवरणातील पाण्यात जाई. रुडॉल्फ डिझेल याने आपल्या इंजिनाची तात्त्विक मांडणी केली तेव्हा सिलिंडरला पाण्याने थंड करण्याची गरज भासणार नाही, अशी त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे ज्या इंजिनाने सुमारे २६ टक्के कार्यक्षमता दाखवून त्याचे नाव केले, त्या इंजिनाला जलआवरण होतेच.

जलआवरण

सिलिंडरला दोन भिंती करून त्यांच्यामधल्या पोकळीत पाणी खेळवणे, हे जलशीतनाचे मूळ रूप. ही कल्पना यशस्वी इंजिनांपेक्षा जुनी आहे. लंडनच्या सॅम्युअल ब्राउन याने १८२३ मध्ये पेटंट घेतलेल्या वायू-निर्वात इंजिनात पाण्याचे आवरण होते. त्याच्या इंजिनावरील एक गाडी १८२६ मध्ये शूटर्स हिल या चढावर चालवून दाखवण्यात आली. परंतु ब्राउनच्या इंजिनात पाण्याचे खरे काम जळालेले वायू थंड करून निर्वात निर्माण करणे हे होते. सिलिंडरचे रक्षण हा आवरणाचा मुख्य हेतू ठरला तो एत्येन लन्वार याच्या इंजिनापासून.

लन्वारने १८६० मध्ये पॅरिसमध्ये पेटंट घेतलेले इंजिन कोळशाच्या वायूवर चाले. ते दुहेरी क्रियेचे होते, म्हणजे दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने स्फोट होत. त्यामुळे सिलिंडरला उसंत मिळत नसे. मिश्रण पेटण्यापूर्वी दाबले जात नसल्याने उष्णतेचा अगदी थोडा भाग कामात उतरे आणि बाकीची धातूत मुरे. पाण्याचे आवरण असूनही हे इंजिन तापे, आणि वायू, वंगणतेल व पाणी या तिन्ही बाबतींत ते खर्चिक असल्याची तक्रार सर्वत्र होती. तरीही बॉयलर आणि भट्टी न लागणारे हे यंत्र छोट्या कारखानदारांनी विकत घेतले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवणारे निकोलाउस ओटो व ऑयगेन लांगेन यांचे इंजिन आणि १८७६ चे ओटोचे चार-आघाती इंजिन, या दोन्हींत सिलिंडरचा तापणारा भाग पाण्याने वेढलेला होता. चार-आघाती चक्रात चार आघातांपैकी एकाच आघाताला ज्वलन होते. त्यामुळे लन्वारच्या सिलिंडरला न मिळालेली उसंत येथे मिळाली.

दुहेरी भिंतीचा सिलिंडर ओतणे हे ओतकामाच्या कसोटीचे काम होते. पाण्याच्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा साच्यात अधांतरी बसवावा लागे आणि ओतीव निवल्यावर तो ठोकून, खरवडून बारीक छिद्रांतून बाहेर काढावा लागे. वाळू कोपऱ्यात राहिली तर तेथे पाणी पोहोचत नसे आणि नेमका तोच भाग तापून तडकत असे. सिलिंडर आणि त्याचे डोके यांमधला सांधाही त्रासाचा होता. त्यातून पाणी आत झिरपे किंवा जळते वायू पाण्यात घुसत. म्हणून अनेक निर्मात्यांनी डोके आणि सिलिंडर अखंड ओतणे पसंत केले. झडपा दुरुस्त करणे त्यामुळे अवघड झाले तरी गळतीपेक्षा ते बरे वाटले.

पाणी किती लागते?

५ अश्वशक्तीचे एक इंजिन घेऊ. त्याचे तासाभराचे काम उष्णतेच्या भाषेत सुमारे ३,२०० किलोकॅलरी होते. आवरणात याच्या दुप्पट, म्हणजे ६,४०० किलोकॅलरी उष्णता जाते असे धरू. नळाचे २०° से. चे पाणी आवरणातून नेऊन ५०° से. ला गटारात सोडले, तर प्रत्येक लिटर ३० किलोकॅलरी घेऊन जातो. तासाला २०० लिटरहून अधिक पाणी लागते. तेच पाणी उकळून वाफ होऊ दिली, तर प्रत्येक लिटर १००° से. पर्यंत तापताना ८० आणि वाफ होताना आणखी ५४० किलोकॅलरी घेतो. मग सुमारे १० लिटर पुरतात. आणि तापलेले पाणी कोठेतरी थंड करून पुन्हा आवरणात आणता आले, तर नवे पाणी जवळपास लागतच नाही. सुरुवातीच्या सगळ्या पद्धती या तीन आकड्यांच्या दरम्यान कोठेतरी बसतात.

स्थिर इंजिने

शहरातील कारखान्यांत पहिली पद्धत प्रचलित होती: एका बाजूने नळ, दुसऱ्या बाजूने गटार. पाणीपट्टी भरावी लागे तेथे इंजिनाशेजारी उंच टाकी उभी करत. टाकीच्या तळातून एक नळी आवरणाच्या तळाला आणि आवरणाच्या माथ्यावरून दुसरी नळी टाकीच्या वरच्या भागात जोडली की पंपाशिवाय पाणी फिरू लागते. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, त्याची जागा टाकीतले थंड, जड पाणी घेते. यालाच थर्मोसायफन म्हणतात. टाकीतील पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की हे चक्र तत्काळ थांबते. इंजिनचालकाला शिकवण्याच्या पहिल्या गोष्टींपैकी ही एक होती.

शेतीच्या लहान इंजिनांसाठी याहूनही साधी रचना निघाली. आडव्या सिलिंडरच्या वर बिडाचाच उघडा चौकोनी हौद ओतलेला असे आणि तो पाण्याने भरत. इंजिन चालू लागले की पाणी उकळे, वाफ निघून जाई, आणि चालक अधूनमधून बादलीने भर घाली. नळ्या नाहीत, पंप नाही, बिघडण्यासारखे काहीच नाही. उकळते पाणी १००° से. च्या वर जात नसल्याने हौदात पाणी असेपर्यंत तापमान आपोआप मर्यादेत राहते. रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांना तर हे तापमान सोयीचेच होते, कारण थंड सिलिंडरमध्ये रॉकेलची नीट वाफ होत नाही. दिसायला ओबडधोबड असलेली ही रचना अमेरिकेच्या शेतांवर विसाव्या शतकात बरीच वर्षे टिकली, यात नवल नाही.

वाहनांवरील जलशीतन

गॉटलिब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांच्या १८८५ च्या दुचाकीचे इंजिन हवेनेच थंड होत असे. ते अर्ध्या अश्वशक्तीचे होते, म्हणून निभावले. कार्ल बेंझ याने १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या तीनचाकी मोटारगाडीत मात्र पाणी होते, आणि ते उकळून वाफ होऊ देण्याची पद्धत त्याने स्वीकारली. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची पत्नी बेर्था बेंझ दोन मुलग्यांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला अशाच गाडीने गेली. शंभराहून अधिक किलोमीटरच्या या प्रवासात वीस्लोख येथील औषधाच्या दुकानातून इंधन घेतल्याची हकिकत नेहमी सांगितली जाते. पाण्याची हकिकत तितकी सांगितली जात नाही. परंतु इंधनापेक्षा पाण्यासाठीच गाडी अधिक वेळा थांबवावी लागली असणार. वाटेतील खाणावळी आणि ओढे हीच त्या गाडीची पाणपोई होती.

डाइमलर आणि मायबाख यांनी पाणी परत वापरण्याच्या दिशेने प्रयत्न केले. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेल्या त्यांच्या गाडीची चौकट पोलादी नळ्यांची होती आणि शीतनाचे पाणी त्या नळ्यांतूनच फिरवलेले होते. वाऱ्याने नळ्या थंड होत आणि त्यांतील पाणीही. पुढे मायबाखने फ्लायव्हीलचा, म्हणजे प्रचक्राचा, उपयोग केला. फिरत्या चाकाच्या पोकळ कडेत पाणी सोडले की ते केंद्रोत्सारी बलाने कडेला चिकटून राही, हवेत वेगाने फिरून थंड होई, आणि कडेशी तोंड लावलेली एक नळी ते ओरबाडून परत आवरणाकडे पाठवी. युक्ती सुंदर होती, पण चाकाच्या कडेचे क्षेत्रफळ ते केवढे! इंजिनाची शक्ती दहा-बारा अश्वशक्तीकडे सरकू लागल्यावर ती अपुरी ठरणे अटळ होते. इतर निर्माते पंखे लावलेल्या वेटोळ्या नळ्या गाडीच्या पुढे टांगत आणि मागे पाण्याची मोठी टाकी ठेवत.

प्रश्नाचे मर्म पाणी आणि हवा यांच्यातील फरकात आहे. समान आकारमानाची हवा पाण्याच्या मानाने सुमारे साडेतीन हजारपट कमी उष्णता साठवू शकते. पाण्याने सिलिंडरमधून झटकन घेतलेली उष्णता हवेला द्यायची, तर प्रचंड हवा पाण्याच्या जवळून गेली पाहिजे आणि दोहोंमधील धातूचा पृष्ठभाग खूप मोठा असला पाहिजे. अधिक पाणी साठवल्याने गाडी तापण्याची वेळ केवळ पुढे ढकलली जाते. मायबाखने ही गोष्ट ओळखली. १८९७ मध्ये त्याने पाण्याच्या पेटीतून आरपार बारीक नळ्या घातल्या आणि नळ्यांतून वारा जाऊ दिला. नेहमीच्या रचनेत नळीत पाणी आणि बाहेर हवा असे; येथे उलट झाले.

१९०० मध्ये त्याने हीच कल्पना पूर्णत्वाला नेली. ६ मिमी बाजूच्या चौरस छेदाच्या ८,०७० आखूड नळ्या एकमेकींना लागून रचल्या आणि त्यांची तोंडे डाखाने जोडली. नळ्यांमधल्या अरुंद फटींतून पाणी पातळ पडद्यांसारखे खाली उतरे आणि हजारो नळ्यांतून वारा वाहे. पुढून पाहता हे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसे, म्हणून त्याला मधुकोश रेडिएटर हे नाव मिळाले. त्यामागे पंखा बसवल्याने गाडी हळू चालतानाही वारा मिळत राहिला. एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या आग्रहावरून बांधलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीवर हा रेडिएटर प्रथम आला. तिला अवघे ९ लिटर पाणी पुरे. पूर्वीच्या गाडीच्या मानाने निम्मे. मार्च १९०१ मध्ये नीस येथील शर्यतींत या गाडीने जे यश मिळवले, त्यात तिच्या हलक्या बांधणीचा व कमी उंचीचा वाटा सर्वांनी पाहिला. पण ३५ अश्वशक्तीचे इंजिन न उकळता धावत राहिले ते या रेडिएटरमुळे. मोटारगाडीचा चेहरा म्हणून आज जी जाळी ओळखली जाते, तिचा उगमही येथेच आहे.

पंप की थर्मोसायफन?

रेडिएटर आल्यानंतरही पाणी फिरवायचे कसे, यावर निर्मात्यांत एकमत नव्हते. मर्सिडीजमध्ये पंप होता. पंपामुळे पाणी वेगाने फिरते आणि रेडिएटर लहान चालतो. परंतु त्या काळच्या पंपांच्या दांड्याभोवतीचे पॅकिंग गळत असे आणि पंप बंद पडला की इंजिन काही मिनिटांत तापे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या १९०८–०९ मधील पहिल्या सुमारे २,५०० नगांना पंप होता. नंतर तो काढून टाकला गेला आणि १९२७ पर्यंत ही गाडी थर्मोसायफनवर चालली. फ्रान्सच्या रेनो कंपनीने रेडिएटर इंजिनाच्या मागे, उंचावर ठेवला, म्हणजे गरम पाणी सहज वर चढे. थर्मोसायफनचा एक गुण असा, की इंजिन जितके तापेल तितके पाणी जोरात फिरते आणि थंड इंजिनात ते जवळजवळ स्थिर राहते. दोष असा, की लांब चढावर, मंद गतीत आणि पाठीमागून वारा असताना ते कमी पडते. मॉडेल टी चढावर वाफा सोडत उभी राहिल्याचे दृश्य त्या काळात नित्याचे होते.

विमानांतील वापर

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानातील सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन पाण्याने थंड होत असे. त्याला पाण्याचा पंप नव्हता. पंखांच्या उभ्या खांबाला बांधलेला नळ्यांचा रेडिएटर एवढीच त्याची व्यवस्था. उड्डाणे सेकंदांत मोजायची असल्याने ती पुरली. फ्रान्समध्ये लेओं लव्हावास्यर याने आंत्वानेत इंजिनात पाण्याची वाफ होऊ देऊन ती विमानाच्या दोन्ही कुशींवर बसवलेल्या बारीक नळ्यांत पुन्हा द्रवरूप केली. थोडक्या पाण्यात भरपूर उष्णता वाहून नेणारी ही बेंझच्याच पद्धतीची सुधारलेली आवृत्ती होती, फक्त येथे वाफ वाया जात नव्हती. या विमानातून लेथमने जुलै १९०९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडण्याचा प्रयत्न केला आणि इंजिन बंद पडून तो पाण्यात उतरला. त्यानंतर काही दिवसांतच ब्लेरिओ हवेने थंड होणाऱ्या आंझानी इंजिनावर पलीकडे पोहोचला. हलकेपणासाठी हवा आणि भरवशासाठी पाणी, हा वाद विमानांत पुढे अनेक दशके चालला.

पाण्याचे दोष

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते, आणि आवरणात अडकलेले पाणी गोठले तर बिडाची जाड भिंतही तडकते. थंड देशांत रोज संध्याकाळी तळाची तोटी उघडून पाणी काढून टाकणे हा शिरस्ता होता. मद्यार्क किंवा ग्लिसरीन मिसळून गोठणबिंदू खाली आणत, पण मद्यार्क उडून जाई. एथिलीन ग्लायकॉल १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आल्यावर हा प्रश्न बहुतांशी सुटला. त्याच दशकात थर्मोस्टॅट झडपेचा प्रसार होऊन इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देण्याची सोय झाली.

उष्ण प्रदेशात क्षारांचा त्रास मोठा. जड पाणी तापले की त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार आवरणाच्या भिंतींवर पुटासारखे बसतात. हे पूट उष्णता फार कमी वाहून नेते. पाणी स्पर्शाला फारसे गरम लागत नाही आणि आत सिलिंडर मात्र भाजत असतो, अशी फसवी स्थिती त्यातून निर्माण होते. उकळत्या हौदाच्या इंजिनात हा दोष सर्वांत तीव्र, कारण वाफ निघून जाते आणि क्षार मागे राहतात.

महाराष्ट्रातील इंजिने

मोटारगाड्यांतून मागे पडलेल्या स्थिर इंजिनांच्या शीतनपद्धती महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रोजच्या व्यवहारात होत्या. सातारा रोड येथील कूपर आणि १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स यांची डिझेल इंजिने, तसेच इंग्लंडमधील लिस्टर इंजिनाच्या धर्तीवर राजकोटला बनणारी इंजिने विहिरींवर आणि पिठाच्या गिरण्यांत बसवली गेली. गिरणीत इंजिनाशेजारी पाण्याची टाकी किंवा सिमेंटचा हौद असे, आणि पाणी त्यातूनच फिरे.

विहिरीवर तर पाणी उपसणारे यंत्र स्वतःच पाण्याचा पुरवठादार होते. पंपाच्या वर जाणाऱ्या नळाला एक बारीक नळी जोडून थोडे पाणी आवरणातून नेत आणि बाहेर पडणारे कोमट पाणी पाटात सोडत. एक थेंबही वाया जात नसल्याने लन्वारच्या काळातील सर्वांत उधळी पद्धत येथे सर्वांत काटकसरीची ठरली. तिचा धोका वेगळा होता. विहिरीचे गार पाणी मोकळेपणाने सोडले की सिलिंडर गरजेपेक्षा थंड राहतो. मग डिझेल पुरते जळत नाही, धूर येतो, आणि ज्वलनातून तयार झालेली पाण्याची वाफ व इंधनातील गंधकाचे वायू भिंतीवर आम्लरूपात साचून सिलिंडर झिजवतात. म्हणून बाहेर पडणाऱ्या धारेखाली हात धरून ती चांगली गरम, पण हात काढून घ्यावा लागणार नाही इतकीच आहे का, हे पाहून तोटी कमी-अधिक करावी लागे. तोटी सताड उघडी ठेवणाऱ्याच्या इंजिनाला त्याच विहिरीचे तितकेच पाणी काढण्यासाठी अधिक डिझेल लागे, आणि सिलिंडरची आतली बाही लवकर बदलावी लागे.